एका घरात तीन राऊटर: वायरवरच्या मेशबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात घरोघरी नेटवर्कची कामं करताना जे प्रश्न मला फोनवर, चहाच्या गाड्यावर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारले गेले, ते इथे एकत्र केलेत. घाईत असाल तर "सुरुवात कुठून करू" आणि त्याच्या खालचा "९४" वाला प्रश्न एवढे दोनच वाचा. बऱ्याच जणांचं काम तिथेच भागतं.

वायरवरचं मेश म्हणजे नेमकं काय? तीन राऊटरला एकच नाव दिलं की झालं ना?

नाव एक ठेवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. मेशमध्ये एक मेन राऊटर असतो आणि बाकीचे नोड त्याच्या हाताखाली चालतात. पत्ते कोणाला कुठला द्यायचा, पासवर्ड काय, चॅनेल कुठला, हे सगळं मेन ठरवतो. मेन आणि नोड हवेतून बोलत असतील तर ते साधं मेश. भिंतीतून आलेल्या केबलने बोलत असतील तर वायरवरचं. ॲपमध्ये याला "इथरनेट बॅकहॉल" किंवा नुसतं "वायर्ड" लिहिलेलं दिसेल.

आपल्याकडच्या घरांत हवेतला दुवा लवकर दमतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती अशा जाड की कोनाड्यात समई, देव आणि वर पेपरची रद्दीही मावते. नव्या बंगल्यात भिंती पातळ, पण दोन मजल्यांमध्ये सळ्यांचा स्लॅब. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दोन्हीकडे मार खातो. शिवाय दोन बँडच्या स्वस्त नोडला ज्या रेडिओवर मेनशी बोलायचं, त्याच रेडिओवर तुमच्या फोनशीही बोलायचं असतं, त्यामुळे स्पीड साधारण निम्म्यावर येतो. केबल टाकली की रेडिओ फक्त फोनसाठी मोकळा राहतो.

घरात वेगवेगळ्या कंपन्यांचे जुने राऊटर पडून आहेत. त्यांचंच मेश होईल का?

खरं मेश होणार नाही, पण काम भागेल. तीन भावांच्या तीन मजल्यांवर तीन राऊटर, अशी घरं आपल्याकडे ढिगानं आहेत. तिथे एकच नियम पाळायचा: कारभारी एकच. पत्ते वाटायचं काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते फक्त मेनने करायचं.

दुसरा राऊटर घ्या, लॅपटॉपला केबलने जोडा, अजून घरच्या नेटला लावू नका. सेटिंगमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" दिसला तर तो निवडा, विषय संपला. नसेल तर तीन गोष्टी हाताने कराव्या लागतात. मेनचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, फक्त तो पत्ता मेन ज्या पट्ट्यातून वाटप करतो त्यात येत नाही ना ते बघा. मग याचं डीएचसीपी बंद करा. आणि मेनकडून आलेली केबल याच्या लॅन पोर्टात घाला. वॅन पोर्ट, म्हणजे तो वेगळ्या रंगाचा, रिकामाच ठेवायचा. इथे हात हमखास चुकतो, कारण वेगळा रंग दिसला की केबल त्यातच जावी असं वाटतं.

वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्हीकडे तंतोतंत सारखा ठेवा. चॅनेल मात्र वेगवेगळे.

वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र चालावेत म्हणून वायफाय अलायन्सने "ईझीमेश" नावाचं मानक आणलंय. त्याच्या भरवशावर दोन कंपन्यांचे डबे मी तरी विकत घेणार नाही. एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच मालिकेतले घ्या.

नेट स्लो आहे. सुरुवात कुठून करू?

नेट जिथून घरात येतं तिथून, आणि आधी केबलने. वरच्या खोलीत कॉटवर पडून फोनवर स्पीडटेस्ट घेतली तर स्पीड कमी आहे एवढंच कळतं, कुठे कमी झाला ते कळत नाही.

एक लॅपटॉप आणि एक चांगली पॅच केबल, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग बसवलेली छोटी केबल, घ्या. पहिली टेस्ट फायबरवाल्याच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, थेट जोडून. दुसरी मेन राऊटरच्या लॅन पोर्टातून. तिसरी वर जाऊन: नोडची केबल काढायची आणि तीच लॅपटॉपला लावायची. चौथी, नोड परत जोडून त्याच्या मोकळ्या पोर्टातून. पाचवी, अगदी शेवटी, नोडपासून सात-आठ फुटांवर उभं राहून वायफायवर. आकडा ज्या पायरीला पडला, दोष त्या पायरीच्या आणि तिच्या आधीच्या पायरीच्या मध्ये आहे. पहिल्याच पायरीला पडला असेल तर घरातलं काही उघडू नका, लाइनवाल्याला फोन करा. तिसऱ्या पायरीला पडला तर भिंतीतली केबल. पाचव्याला पडला तर वायफाय, म्हणजे चॅनेल किंवा नोडची जागा.

ओएनटी ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे स्वतः राऊटरचं काम न करता नेट नुसतं पुढे सोडत असेल, तर पहिल्या पायरीला लॅपटॉपवर युजरनेम-पासवर्ड घालून जोडावं लागेल. तो नसेल तर ती पायरी सोडा. बऱ्याच नव्या लॅपटॉपला लॅन पोर्ट नसतो, मग यूएसबीचा डोंगल लागतो. तो गिगाबिटचा आणि यूएसबी ३ चा घ्या. नाहीतर केबलच्या चारही पायऱ्यांवर तोच रडका आकडा येईल आणि तुम्ही भिंत फोडून बसाल.

आकडे वाचतानाही एक गोंधळ होतो. १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. एमबीपीएस बिटमध्ये असतं, डाउनलोडची खिडकी बाइटमध्ये दाखवते, आणि एका बाइटला आठ बिट.

प्लॅन ३०० चा आहे, खाली पूर्ण मिळतो, वरच्या मजल्यावर बरोबर ९४ वर अडकतो. नोड बदलू का?

थांबा, काही बदलू नका. हा ९४ चा आकडा दिसला की मला हायसं वाटतं, कारण आजार ओळखीचा असतो. केबलची लिंक १०० वर जुळली की प्रत्यक्ष हातात ९४-९५ पडतात. गिगाबिटवर जुळली असती तर केबल ९४० पर्यंत देते, आणि तुम्हाला तुमचे पूर्ण ३०० मिळाले असते. म्हणजे नोड ठीक, नेट ठीक, मधला दुवा खालच्या गिअरमध्ये पडलाय.

केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. गिगाबिटला आठही लागतात. १०० ला चारच पुरतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या. आपल्याकडे जी रंगांची पद्धत सर्रास वापरतात, तिच्यात ४-५ वर निळी जोडी आणि ७-८ वर तपकिरी जोडी येते. या दोन जोड्यांतली एक जरी तार तुटली की बहुतेक उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. कुठे लाल दिवा नाही, काही नाही. नेट चालू असतं, म्हणून केबलवर कुणाचा संशयही जात नाही.

राजारामपुरीत एका तीन मजली घरात याच दुखण्यापायी काकांनी नवाकोरा नोड आणला होता, आणि नव्यावरही ९४ च. मी केबल टेस्टर लावला. त्याचे आठ दिवे एकामागून एक लागतात. काकू शेजारी उभ्या राहून मोजत होत्या, "पाच, सहा, आठ. सात कुठं गेला ओ?" सात नंबर भिंतीवरच्या पेटीत सापडला. पेटी बसवताना मारलेला लांब स्क्रू केबलच्या अंगातून गेला होता. पांढऱ्या-तपकिरी तारेचं कवच सोललेलं, आत तांब्याचं केसाएवढं टोक, त्यावर पुट्टीची पांढरी धूळ. वीतभर केबल मागून ओढून घेतली, नवीन जॅक पंच केला, दहा मिनिटांत ३०० चालू. जुना नोड अजून तिथेच चालतोय, नवा कपाटावर आहे.

विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड दिसतो: १०००/१००० की १००/१००. बऱ्याच मेश ॲपमध्येही नोडवर दाबलं की दिसतो. तारा सगळ्या शाबूत असूनही १०० दाखवत असेल तर मधल्या डब्यांकडे बघा. जुन्या १०/१०० च्या स्विचमधून, म्हणजे एका केबलच्या अनेक करणाऱ्या डब्यातून, केबल गेली असेल, किंवा राऊटरचे पोर्टच १०० चे असतील. खोक्यावर वायफायचा "१२००" असा मोठा आकडा आणि मागे पोर्ट १०० चे, असे राऊटर बाजारात भरपूर आहेत. आणखी एक: आधीच्या कारागिराने एकाच केबलच्या चार तारा नेटला आणि चार टेलिफोनला वापरल्या असतील, तर तिथे गिगाबिट कधीच येणार नाही.

केबल कुठली टाकू? इलेक्ट्रिशियन म्हणतो लाइटच्या पाइपमधूनच नेतो.

त्याला चहा पाजा आणि नको म्हणा. २३० व्होल्टच्या वायरबरोबर एकाच पाइपमधून नेटची केबल नेणं धोक्याचं आहे. एखादी वायर सोलली तर करंट थेट राऊटरमध्ये आणि राऊटरला हात लावणाऱ्यात. शिवाय शेजारून लाइटची वायर गेली की केबलवर गोंगाट येतो. वेगळा पाइप घाला, थोडं अंतर ठेवा, आणि जिथे ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात ओलांडा.

घरासाठी कॅट ५ई पुरते, गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते, आणि आपल्या कुठल्याही घरात १०० मीटर लागत नाहीत. नवीन बांधकाम असेल तर कॅट ६ टाका, कारण पाइप पुन्हा फोडायचा नसतो. पण आकड्यापेक्षा तांबं बघा. स्वस्त बंडलात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. टोकाची एक तार ब्लेडने खरवडा: आत पांढरट चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम. ती जॅकमध्ये पटकन तुटते, आणि केबलमधूनच करंट देऊन कॅमेरा चालवायचा असेल तर गरम होते. अस्सल तांबं आतपर्यंत तांबूस.

ओढताना बैलगाडा ओढल्यासारखं ओढू नका. चार जोड्यांच्या केबलला ११ किलोच्या आसपास ताण ही मर्यादा. जॅक बसवताना जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. नीटनेटकं दिसावं म्हणून दोन-दोन इंच सरळ करून ठेवणारे कारागीर मी पाहिलेत. दिसायला छान, चालायला वाईट.

मध्येच सगळ्या घराचं नेट बंद पडतं, स्विचचे सगळे दिवे एकसाथ फडफडतात. मेन बदलायची वेळ आली का?

दिवाळीच्या साफसफाईनंतर हा फोन हमखास येतो. टीव्हीमागे एक केबल लोंबत असते, झाडताना कुणीतरी "ही निघालीय वाटतं" म्हणून तिचं टोक जवळच्या मोकळ्या पोर्टात घालतं. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. झाला लूप.

"सगळ्यांसाठी" असा निरोप नेटवर्कमध्ये सतत फिरत असतो. अशा निरोपाला इथरनेटमध्ये मुदत नसते. लूपमध्ये सापडला की तो गोल-गोल फिरतो, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात, आणि काही सेकंदांत खऱ्या कामाला जागाच उरत नाही. महागड्या स्विचमध्ये हे ओळखून पोर्ट बंद करायची सोय असते. घरगुती पाच पोर्टच्या स्विचमध्ये ती सहसा नसते.

उपाय: मेनमधून आत जाणाऱ्या सगळ्या केबल काढा. मेन एकटा नीट चालला की एकेक केबल परत लावा, प्रत्येकीनंतर अर्धा मिनिट थांबा. जिच्यानंतर दिवे फडफडले, तिची दोन्ही टोकं शोधा.

लूपचा दुसरा, लपलेला प्रकार असा. जुना राऊटर रिपीटर म्हणून हवेतून मेनला जोडलेला असतो, आणि नंतर कुणीतरी त्याला केबलही लावतं. दोन वाटा झाल्या, लूप झाला. चांगलं मेश केबल दिसली की हवेतली वाट स्वतःच बंद करतं, जुना रिपीटर करत नाही. केबल लावलीत तर रिपीटर मोड काढा.

केबल लावली तरी ॲप नोडला "वायरलेस" च दाखवतं. का?

आधी केबलची तिसऱ्या पायरीची टेस्ट करा. ती पास झाली असेल तर जवळजवळ नेहमी केबल चुकीच्या ठिकाणाहून आलेली असते.

चित्र डोळ्यासमोर आणा. खाली जिन्याजवळ ओएनटी, त्याला चार लॅन पोर्ट. एकातून मेश मेन, आणि जवळ पडतो म्हणून दुसऱ्यातून थेट वरच्या मजल्याची केबल. माणसाला वाटतं, सगळं एकाच घरात तर आहे. पण मेन स्वतः राऊटर म्हणून चालत असेल तर त्याचं घर त्याच्या पाठीमागे सुरू होतं. ओएनटीच्या पोर्टातून निघालेली केबल त्या घराच्या बाहेरून वर गेली. वरच्या नोडला त्या केबलवर मेन सापडत नाही, म्हणून बिचारा हवेतून शोधतो. क्रम असा हवा: ओएनटी, मग मेश मेन, मेनच्या लॅनमधून स्विच, आणि स्विचमधून सगळे नोड. स्विच साधा, गिगाबिटचा असला की पुरे.

भिंतीतल्या सगळ्या केबल ओएनटीपाशी येतात आणि मेनला हॉलच्या मध्यात ठेवायचंय, अशी अडचण असेल तर दोनच मार्ग. हॉलपर्यंत दोन केबल न्या, एक जाणारी आणि एक येणारी. किंवा मेनला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकून कारभार ओएनटीकडेच राहू द्या. मग कुठलीही केबल कुठूनही आली तरी चालतं, कारण सगळं एकाच घरात येतं. काही कंपन्यांचं मेश या मोडमध्ये मुलांच्या वेळेची बंधनं वगैरे सोयी बंद करतं, तेवढं आधी बघून घ्या.

काही नोड पहिल्यांदा मेनजवळ ठेवून ॲपमधून जोडून घ्यावे लागतात, मगच त्यांना केबल ओळखता येते. नवा नोड थेट वर नेऊन लावला असेल तर एकदा खाली आणा.

वरच्या मजल्यावरून खालचा प्रिंटर दिसत नाही. कधी-कधी फोनला वायफाय जोडलेलं दिसतं पण नेट नसतं.

दोन कारभारी झालेत. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा, मग वर-खाली जाऊन परत बघा. खाली १९२.१६८.१ ने सुरू होणारा आणि वर १९२.१६८.० ने सुरू होणारा दिसला, तर वरचा राऊटर स्वतःचं वेगळं घर मांडून बसलाय. त्याला ॲक्सेस पॉइंट करा. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला तर उलटा प्रकार: पत्ता वाटणारं कुणी भेटलंच नाही, लॅपटॉपने स्वतःच एक ठोकून दिला. मेनचं डीएचसीपी बंद आहे का, किंवा केबल मेनपर्यंत पोचते का ते बघा.

दुकानाचे कॅमेरे बाहेरून बघायचे असतील तर अजून एक तपासा. मेन राऊटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीनेच अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवलंय. मग राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आत यायची वाट उघडणं, कितीही केलं तरी बाहेरून आत येता येत नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप वापरा, किंवा लाइनवाल्याकडून वेगळा पत्ता घ्या.

ओएनटीचं स्वतःचं वायफाय चालू ठेवू का?

बंद करा. नाहीतर फोन त्याच्यावर जाऊन बसतात, आणि मेशच्या मेनला दोन फुटांवरून तो ओरडत असतो. ब्रिज मोड मागून घेणं हा नीटस उपाय आहे, पण त्याआधी युजरनेम-पासवर्ड हातात घ्या आणि घरातला लँडलाइन त्याच डब्यावर असेल तर तो चालू राहील ना ते विचारा.

फोन वर घेऊन गेलो तरी खालच्याच नोडला चिकटून राहतो.

नोड कधी सोडायचा हे फोन ठरवतो, राऊटर नाही. सिग्नल उणे ७०-७५ डीबीएमच्या (उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर) आसपास घसरेपर्यंत बहुतेक फोन हलत नाहीत. ८०२.११ के आणि व्ही ही मानकं फोनला शेजारच्या नोडची माहिती आणि सूचना देतात, आर मुळे बदल झटक्यात होतो. पण ऐकायचं की नाही हे शेवटी फोनच ठरवतो.

आपल्या हातात असतं ते नोडचं अंतर आणि ताकद. केबल आहे म्हणून लोक खोलीला एक नोड लावतात. मग प्रत्येक खोलीत चार-चार नोडचा जोरदार सिग्नल, फोनला हलायचं कारणच नाही. १२०० चौरस फुटांच्या मजल्याला एक नोड, मध्याकडे, बऱ्याचदा पुरतो. त्यातही त्रास असेल तर नोडची ताकद "मध्यम" करा. ताकद कमी केल्यावर नेट सुधारलं हे लोकांना पटत नाही, करून बघितल्यावर पटतं.

जुना प्रिंटर किंवा टीव्ही अचानक जोडायचा बंद झाला आणि तुम्ही नुकतंच "फास्ट रोमिंग" (वरचं आर ते हेच) चालू केलं असेल, तर ते बंद करून बघा.

चॅनेल कुठले ठेवू?

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ याच तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. तीन मजल्यांना तीन द्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. पेठेत एका खिडकीतून वीस-पंचवीस शेजाऱ्यांची नावं दिसतात, तिथे ४० ची रुंदी म्हणजे अरुंद बोळात ट्रॅक्टर घालणं. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे घ्या. मधले ५२ ते १४४ रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. राऊटरला रडारचा नुसता भास झाला तरी त्याला चॅनेल सोडावा लागतो, आणि असा नवा चॅनेल घेण्याआधी किमान एक मिनिट गप्प बसून ऐकावं लागतं. "५जी वालं नाव मध्येच गायब होतं" ही तक्रार बऱ्याचदा हीच.

स्मार्ट बल्ब, गीझरचा स्विच, डोअरबेल जोडलीच जात नाही.

त्यातल्या बहुतेकांना २.४ च कळतं आणि डब्ल्यूपीए३ हा सुरक्षेचा नवा प्रकार कळत नाही. फक्त २.४ चं, जुन्या डब्ल्यूपीए२ चं एक वेगळं गेस्ट नेटवर्क करा, सगळं तिथे टाका.

लाइट गेली की खालचं नेट चालतं, वरचं जातं.

इन्व्हर्टर किंवा मिनी यूपीएस ओएनटी आणि मेनला लावलाय, मधल्या स्विचला नाही. साखळीतल्या प्रत्येक डब्याला वीज लागते, तो पाच पोर्टचा चिमुकला स्विचसुद्धा. लाइट आल्यावर सगळे एकदम उठतात आणि नोड मेनच्या आधी तयार होऊन गोंधळतात. तेव्हा ओएनटी आधी, त्याचा पॉन हा फायबरचा दिवा स्थिर झाला की मेन, मग स्विच, मग नोड. ओएनटीवर लॉस हा दिवा लाल असेल तर बाकी काही करू नका, फायबर तुटलीय किंवा दुमडलीय.

ॲडॅप्टरची अदलाबदल हा वेगळाच छळ. पिन सारखी म्हणून सेटटॉप बॉक्सचा नोडला लावला जातो. व्होल्ट जुळतात पण अँपिअर कमी पडतात, आणि नोड दिवसभर ठीक चालून रात्री सगळे व्हिडिओ बघायला बसले की रीस्टार्ट होतो. कळंब्याला एका घरी मी चार दिवस सॉफ्टवेअर शोधत होतो, दोष ॲडॅप्टरचा निघाला. तेव्हापासून प्रत्येक ॲडॅप्टरवर पांढऱ्या पट्टीवर नाव लिहितो.

गल्लीपलीकडे भावाच्या घरी केबल टाकायची आहे. गच्चीवरून नेली तर?

तांब्याची नको. वळवाच्या पावसात वीज जवळपास कुठेही कोसळली तरी उघड्यावरच्या लांब केबलमध्ये झटका उतरतो आणि दोन्ही घरांचे पोर्ट जातात. दोन घरांचं अर्थिंगही वेगळं असतं. फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी नेटची केबल जोडणारा डबा. फायबरमधून फक्त उजेड जातो, वीज नाही. केबल मात्र अंगात पोलादी तार नसलेली घ्या, आणि उन्हात टिकणारी.

शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, रमणमळा अशा भागात असाल तर ओएनटी आणि स्विच तळमजल्यावर ठेवूच नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा महापूर. जिन्याखालचा नेटचा डबा त्यात किती घरांचा गेला याची मोजदाद नाही. फायबर पहिल्या मजल्यावर उतरवून द्यायला लाइनवाला कुरकुर करतो, पण करून देतो.

रीसेट मारू का?

सगळ्यात शेवटी, आणि सेटिंगचे फोटो काढल्यावर. रीस्टार्ट आणि रीसेट वेगळे. पिनने दाबायचं ते रीसेट. त्यानंतर नोड परत कारभारी होऊन पत्ते वाटायला लागतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

फोनवर विचारताना काय सांगू?

"नेट चालंना झालंय" एवढ्यावर मला काही सांगता येत नाही. पाच पायऱ्यांचे पाच आकडे कागदावर लिहा, प्रत्येक डब्याच्या दिव्यांचा एक फोटो काढा, कुठली केबल कुठून कुठे जाते त्याचं वेडंवाकडं का होईना चित्र काढा, आणि मग फोन करा. फोन करताना कुणीतरी वरच्या मजल्यावर उभं असू द्या. जिन्यावरून "लागला का दिवा?" असं ओरडायला एक माणूस लागतोच.